बारवेच्या पायऱ्या आणि नारू

जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाचा शिलालेख आहे. दोन पोढ्या, म्हणजे पाण्याची दोन टाकी, दान केल्याची ती नोंद. पाणी देणे हे पुण्यकर्म, ही धारणा या मुलखात इतकी जुनी आहे. पुढच्या शतकांतल्या बारवांमागेही तीच होती. बारवेवर वाटसरूला दोर-पोहरा लागत नाही, तो पायऱ्या उतरून थेट पाण्याशी पोहोचतो. हीच सोय एका कृमीच्या पथ्यावर पडली.

तो कृमी म्हणजे नारू. पट्टकृमी मांसातून पोटात जातो, नारू पाण्यातून. दूषित पाणी प्यायल्यावर सुमारे वर्षभर काहीच जाणवत नाही. मग बहुधा पायावर फोड येतो, फुटतो आणि दोऱ्यासारखी लांब मादी बाहेर डोकावते. ती काडीवर गुंडाळत रोज थोडी थोडी ओढायची. घाईत तुटली तर जखम चिघळते. ऐन पेरणीच्या तोंडावर कर्ता माणूस आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळे.

फोडाची आग शमवायला रुग्ण बारवेच्या पाण्यात पाय सोडी आणि तिथेच मादी असंख्य अळ्या सोडी. सायक्लॉप्स नावाचे सूक्ष्म जलचर त्या गिळत. पुढचे काम घागर करी. सायक्लॉप्सचा हा वाटा रशियन संशोधक अलेक्सेई फेदचेन्को याने 1870 च्या सुमारास उलगडला. भारतात राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम सुरू व्हायला मात्र 1983 उजाडले. बाधित सात राज्यांत महाराष्ट्रही होता.

नारूवर ना लस होती, ना त्याला मारणारे औषध. पाणी दुहेरी फडक्यातून गाळणे, विहिरीत टेमेफॉस टाकणे, हातपंप बसवणे, एवढीच आयुधे. शिवाय पायऱ्यांच्या विहिरींचे रूपांतर कठड्याच्या, वरून पाणी शेंदायच्या विहिरींत करण्यात येई. पाण्याला पाय लागला नाही की चक्र तुटले. बुजलेल्या पायऱ्या पाहून आज इतिहासप्रेमी हळहळतात. पुष्कळशा बारवा निव्वळ अनास्थेने गेल्या, हे खरेच. तरीही बंद पायऱ्यांची प्रत्येक विहीर त्या हिशेबात धरता येत नाही. पायऱ्या मिटवणे हाही तेव्हा लोकांचे पाय वाचवण्याचा मार्ग होता.

भारतातला शेवटचा रुग्ण जुलै 1996 मध्ये जोधपूर जिल्ह्यात आढळला. फेब्रुवारी 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त ठरवला. आफ्रिकेतल्या चाडमध्ये मात्र 2012 पासून नारू कुत्र्यांत सापडू लागला. तिथे आता माणसांबरोबर कुत्र्यांवरही पाळत असते. संशयित कुत्री बांधून ठेवली जातात आणि माशांची आतडी त्यांच्या तोंडी लागू नयेत म्हणून पुरली जातात.