हंसऱ्या चिन्हाची जन्मकथा

श्रोतेहो, या क्षणीं मी आपल्याला दिसत नाहीं. परंतु माझा आवाज आपल्यापर्यंत पोंचत आहे. एखादें वाक्य मीं थट्टेनें उच्चारलें, तर स्वराच्या किंचित् चढउतारावरून आपण तें तत्काळ ओळखाल. तेंच वाक्य उद्यां कागदावर उतरलें म्हणजे स्वराची ही साक्षहि नाहींशी होते. ‘आपण फारच हुशार दिसतां,’ हें वाक्य स्तुतीचें कीं उपहासाचें, याचा निवाडा नुसत्या अक्षरांनीं कसा करावा? ज्या हंसऱ्या चिन्हाची हकीकत मी आज सांगणार आहें, तें याच अडचणींतून जन्माला आलें.

अडचण जुनीच आहे. आपल्याकडील मोडी पत्रांत विरामचिन्हें नव्हतीं, शब्द सुटे करण्याचीहि चाल नव्हती. परंतु लिहिणाऱ्याला त्याचें उणें वाटत नसे. कारण नातें, मान आणि ममता हीं सर्व ठराविक शब्दांतून प्रकट होत. ‘बहुत काय लिहिणें, लोभ असों द्यावा,’ एवढ्यांत पत्राचा सूर कळे. पुढें एकोणिसाव्या शतकांत मेजर कँडी प्रभृतींच्या खटपटीनें इंग्रजी धर्तीचीं विरामचिन्हें मराठींत रूढ झालीं. त्यांत प्रश्नाला चिन्ह होतें, उद्गाराला होतें. थट्टेला मात्र नव्हतें. तें इंग्रजींतहि नव्हतें.

ही उणीव पाश्चात्यांच्या ध्यानांत आली नव्हती असें नाहीं. ३० मार्च १८८१ रोजीं न्यूयॉर्कच्या ‘पक’ या विनोदी साप्ताहिकानें छापखान्यांतील खिळे जुळवून आनंद, खिन्नता, उदासीनता व आश्चर्य दाखविणारे चार चेहरे छापले. १८९९ सालीं आल्कांतेर द ब्राम या फ्रेंच लेखकानें उलट्या प्रश्नचिन्हासारखें एक उपरोधचिन्ह सुचविलें. १९६९ मध्यें कादंबरीकार नाबोकोव्ह यांनीं एका मुलाखतींत, स्मितासाठीं उताणा पडलेल्या कंसासारखें चिन्ह असावें, अशी इच्छा दर्शविली. पण यांपैकीं कांहींच रुजलें नाहीं. माझ्या मतें याचें कारण उघड आहे. ग्रंथकार सवडीनें शब्द निवडतो. त्याला चिन्हाची निकड नसते. निकड भासली ती लेखन बोलण्याच्या वेगानें होऊं लागलें तेव्हां.

पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठांत संगणकशास्त्राची मंडळी संगणकावरील सामायिक सूचनाफलकावर लिहून आपसांत संभाषण करीत. सप्टेंबर १९८२ मध्यें तेथें एक कोडें निघालें. लिफ्टचा दोर तुटून ती कोसळूं लागली, तर आंतील जळत्या मेणबत्तीचें व पाऱ्याच्या थेंबाचें काय होईल? त्यावर एकानें गंभीर मुद्रेनें सूचना लिहिली कीं, प्रयोगामुळें अगदीं डावीकडच्या लिफ्टमध्यें पारा सांडला आहे. मागील संभाषण ज्यांनीं वाचलें नव्हतें, त्यांना ही धोक्याची खरी सूचना वाटण्याजोगी होती, आणि तशी ती वाटलीहि.

मग थट्टेवर कांहीं खूण असावी, अशी चर्चा सुरू झाली. कोणी तारका सुचविली, कोणी आणखी कांहीं. १९ सप्टेंबर रोजीं सकाळीं ११ वाजून ४४ मिनिटांनीं स्कॉट फालमन यांनीं अपूर्णविराम, संयोगचिन्ह व कंस ओळीनें लिहून, तें आडवें वाचावें, असें सुचविलें. मान डावीकडे कलती करून पाहावें, तों दोन डोळे, नाक आणि हंसरें तोंड! सध्यांचा रंग पाहतां थट्टा नसलेल्या मजकुरालाच खूण करणें काटकसरीचें होईल, अशी पुस्तीहि त्यांनीं जोडली, आणि त्यासाठीं कंस उलटा करून दुर्मुखलेला चेहरा दिला. म्हणजे हा दुसरा चेहरा मुळांत दुःखाचा नव्हेच. ‘हें खरें समजा,’ एवढेंच तो सांगे. दुःखाचा व रागाचा तो वापरणाऱ्यांच्या हातून झाला. हा मूळ मजकूर पुढें हरवला होता; २००२ सालीं तो जुन्या चुंबकीय फितींतून शोधून काढण्यांत आला.

जपानांत याच दशकांत निराळे चेहरे निघाले. ते पाहण्यास मान कलवावी लागत नाहीं, आणि त्यांचा भाव ओठांपेक्षां डोळ्यांत असतो. १९९९ सालीं तेथील एका दूरध्वनि कंपनीसाठीं शिगेताका कुरिता यांनीं १७६ चिमुकलीं चित्रें तयार केलीं. २०१० मध्यें अशा चित्रांना जगाच्या सामायिक लिपिसंकेतांत स्थान मिळालें.

कांहीं रसिक म्हणतात कीं, ज्या विनोदावर पाटी लावावी लागते, तो विनोदच नव्हे. साहित्यापुरतें हें मला मान्य आहे. परंतु परगांवच्या मुलानें ‘ठीक’ एवढाच निरोप धाडला, आणि तो रागावला आहे कीं कामांत आहे या विचारांत आईनें रात्र काढली, तर तेथें साहित्याचे निकष काय कामाचे? एक लहानशी खूण तिची ती रात्र वांचवूं शकते. मात्र तिची मर्यादाहि विसरूं नये. चिन्ह संशय फेडतें, अपमान धुवून काढीत नाहीं. कठोर शब्दापुढें हंसरा चेहरा काढला, तरी शब्द बोंचतोच. मोडी पत्राच्या शेवटीं ज्या लोभाची याचना असे, तो लोभ मनांत असेल तरच हें चिन्ह खरें हंसतें.