बाळागोळी : व्यसन रक्तातून येत नाही

"या वस्तीतली पोरं नशा करणारच, ते त्यांच्या रक्तातच आहे." हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी ऐकले आहे. ऐकून गप्प बसलो तर ते खरे मानले जाते. म्हणून गिरणगावातला एक जुना पुरावा समोर ठेवतो.

शंभर वर्षांपूर्वी मुंबईतल्या गिरणी कामगार बाया तान्ह्या मुलाला बाळागोळी देत. बाळागोळी म्हणजे अफू घातलेली गोळी. अफूतले मॉर्फिन गुंगी आणते, भूक मारते, श्वास मंद करते. मात्रा जरा जास्त झाली की मूल झोपेतच जाई. रोज दिली तर ते दूध कमी पिई आणि वाळत जाई. 1920 च्या दशकात गिरण्यांतील स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा जवळजवळ प्रत्येक तान्ह्या मुलाला अफू दिली जात असल्याचे आढळले.

या आया निर्दय होत्या काय? कायद्यानेच अकरा तासांपर्यंत काम घेता येत होते. बहुतेक गिरण्यांत पाळणाघर नव्हते. काम सुटले तर चूल विझणार. रडणारे मूल सांभाळायला घरी कोणी नाही. त्या आईला गोळीखेरीज कोणता पर्याय दिला होता, हे आधी सांगा.

आणि अफू येई कुठून? सरकारी परवान्याच्या दुकानातून! हीच इंग्रज राजवट अफूच्या पैशावर पोसली होती. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई आणि सरकार तिच्यावर कर घेई. चीनने ती रोखली तेव्हा इंग्रजांनी 1839 ते 1842 युद्ध केले. पुढे 1893 मध्ये अफूच्या चौकशीसाठी रॉयल कमिशन नेमले. त्याने 1895 मध्ये हिंदुस्थानात अफूबंदीची गरज नाही असा निर्वाळा दिला. तिजोरी भरली सरकारची, बदनामी आली कष्टकऱ्यांच्या वाट्याला.

बाबासाहेबांनी या आयांना उपदेश करून विषय संपवला नाही. 28 जुलै 1928 रोजी मुंबई विधिमंडळात त्यांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्रहिताचे आहे आणि त्याचा भार सरकारने व मालकाने उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. 1929 मध्ये कायदा झाला. काही आठवड्यांच्या रजेने बाळागोळी संपली नाही, हेही खरे. पण प्रश्न आईच्या स्वभावाचा नसून कामाच्या अटींचा आहे, हे कायद्याच्या भाषेत मांडले गेले.

याच बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात दारू न पिण्याची प्रतिज्ञाही दिली. हक्क मागणारा समाज शुद्धीवर असला पाहिजे, हा तिचा अर्थ मी घेतो. म्हणून हक्काचा लढा आणि प्रतिज्ञा यांची फारकत करता येत नाही.

आज गोळीचे रूप बदलले आहे. खोकल्याच्या ज्या औषधाची बाटली पोरे नशेसाठी रिचवतात, त्यातले कोडीन अफूतच सापडणारे द्रव्य आहे. कोणी सोल्युशन हुंगतो, कोणी झोपेच्या गोळ्या खातो. त्यांना 'वाया गेलेले' म्हणणे म्हणजे बाळागोळी देणाऱ्या आईला खुनी ठरवणे.

पण मित्रांनो, जयंतीच्या मिरवणुकीत पिऊन नाचणाऱ्याला पाठीशी घालू नका. त्याला घरी न्या, दुसऱ्या दिवशी उपचाराला न्या. आणि सरकारला विचारा : वस्तीत दारूचे दुकान पोहोचते, मग व्यसनमुक्ती केंद्र का पोहोचत नाही?

जय भीम!