परभूमींतील छावणी आणि तिची वाट
(कोरियांतील एक प्रसंग, इ. स. १९५३-५४)

श्रीभवानीचें दर्शन घेऊन मगच मुलूखगिरीस निघावें ही या प्रांतांतील जुनी चाल. आजहि पलटणींतील तरुण रजेवर आले कीं कल्लोळतीर्थावर स्नान करून देवीपुढें उभे राहतात. अशांपैकींच प्रस्तुत लेखकाचा एक जुना विद्यार्थी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेंत आफ्रिकेंत राहून परतला. तो सांगूं लागला कीं, वडील वारल्याची वार्ता छावणींत त्याच दिवशीं पोंचली आणि रजाहि त्याच सायंकाळीं मंजूर झाली. परंतु छावणीपासून विमानतळापर्यंतचा रस्ता पावसानें बंद, आणि हेलिकॉप्टरास उतरण्याजोगें आभाळ मोकळें होईना. तो घरीं आला तेव्हां तेरावा होऊन गेला होता. "गुरुजी, समुद्र ओलांडावयास एक रात्र लागली, विमानतळ गांठावयास दोन आठवडे. असें पूर्वीं कोणाचें झालें असेल काय?"

प्रश्न दुःखांतून आलेला असला तरी इतिहासाचा आहे. म्हणून त्याचें उत्तर यथामति देतों.

छावणीस आमचे प्राचीन ग्रंथकार स्कंधावार म्हणतात. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या दहाव्या अधिकरणांत प्रथम स्कंधावार कसा वसवावा हें सांगितलें आणि लागलीच पुढील अध्यायांत त्याच्या प्रयाणाचा विचार केला. वाटेवरील गांवीं व अरण्यांत मुक्काम कोठें पडतील, तेथें वैरण, सरपण व पाणी किती मिळेल, याची गणना आधीं करून मगच निघावें, असा त्याचा अभिप्राय आहे. छावणी आणि वाट हीं दोन प्रकरणें एकमेकांस लागून ठेवण्यांत त्याचें मर्म दिसतें. जिच्यांतून बाहेर पडण्याची वाट ठरलेली नाहीं ती छावणी नव्हे, तो कोंडवाडाच होय.

वाट अडते ती बहुधा निसर्गानें किंवा शत्रूनें. याचें उदाहरण शोधावयास दूर जावयास नको. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थानाविरुद्ध कारवाई सुरू झाली, त्या दिवशीं पहाटे भारतीय फौजेची एक तुकडी तुळजापुरास पोंचली. तेथें पहिली हैदराबाद इन्फंट्री व सुमारें दोनशें रझाकार यांनीं दोन तास विरोध केला. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर नळदुर्गाजवळील बोरी नदीचा पूल फौजेनें अभंग हस्तगत केला म्हणून मोठी वाट मोकळी झाली. उलट लोहाऱ्याकडील चाल नदीच्या पुरानें थांबली. पूल, पूर आणि शत्रू हे तीन अडथळे कौटिल्यासहि परिचितच होते.

परंतु बरोबर पांच वर्षांनीं, सप्टेंबर १९५३ मध्यें, भारतीय फौजेपुढें एक चौथाच अडथळा उभा राहिला. कोरियाचें युद्ध २७ जुलै १९५३ च्या शस्त्रसंधीनें थांबलें. जे कैदी मायदेशीं परतण्यास तयार नव्हते त्यांच्यासाठीं भारत, स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड व चेकोस्लोव्हाकिया यांचें तटस्थ मंडळ नेमलें गेलें. त्याचे अध्यक्ष जनरल थिमय्या. कैद्यांवर पहारा ठेवण्याचें काम एकट्या भारताकडे आलें आणि त्या फौजेचें आधिपत्य मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात या महाराष्ट्रीय सेनानीकडे. फौज पांच हजारांहून अधिक होती. तिच्या हवालीं संयुक्त राष्ट्रांच्या पक्षानें २२,६०४ कैदी केले. दुसऱ्या पक्षाकडून आले ते ३५९.

दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांस शस्त्रसंधीच मान्य नव्हती. त्यांच्या सरकारनें तिच्यावर सही केली नाहीं. जूनमध्येंच त्यांनीं सुमारें सत्तावीस हजार उत्तर कोरियन कैदी परस्पर सोडून दिले होते. भारत साम्यवाद्यांकडे झुकलेला आहे अशी त्यांची समजूत होती, आणि भारतीय शिपायास आपल्या भूमीवर पाऊल ठेवूं देणार नाहीं असें त्यांनीं जाहीर केलें. भारतीय जहाजें तर इंचॉन बंदरांत येणार आणि छावणी पानमुनजोमजवळच्या निर्लष्करी पट्ट्यांत. मधली सर्व भूमि री यांच्या सत्तेखालीं. तोड निघाली ती अशी कीं, शिपायांनीं भूमीला स्पर्शच करूं नये. जहाजांवरून हेलिकॉप्टरांत बसवून त्यांस थेट पट्ट्यांत उतरविलें गेलें. अमेरिकेच्या 'पॉइंट क्रूझ' या विमानवाहू जहाजाचा या कामीं उपयोग झाला. त्या काळचें हेलिकॉप्टर एका खेपेस आठ-दहांहून अधिक शिपाई नेत नसे. म्हणजे पांच हजारांसाठीं निदान पांचशें खेपा. भारतीयांनीं आपल्या वसाहतीस हिंदनगर हें नांव दिलें.

यांतील विपर्यास लक्षांत घेण्याजोगा आहे. भारताचें साठावें पॅराशूट फील्ड अँब्युलन्स नोव्हेंबर १९५० पासून त्याच देशांत जखमींची शुश्रूषा करीत होतें. लेफ्टनंट कर्नल रंगराज त्याचे प्रमुख. मार्च १९५१ मध्यें त्यांतील कांहीं जणांनीं अमेरिकन सैनिकांबरोबर मुनसान येथें छत्रीच्या साहाय्यानें उडी घेतली होती. मुनसान हें पानमुनजोमच्या अलीकडेंच आहे. ज्या भूमीवर भारतीय वैद्य मलमपट्टीसाठीं उतरले, तीच अडीच वर्षांनीं भारतीय पहारेकऱ्यास निषिद्ध ठरली. भूमि तीच, देशहि तोच. बदलली ती केवळ संमति.

कौटिल्याचा 'उदासीन' राजा भांडणाऱ्या दोघांहूनहि बलवान असतो. त्याच्या औदासीन्याचा आधार त्याचें सामर्थ्य. कोरियांतील भारताच्या तटस्थतेचा आधार निराळा होता. उभय पक्षांनीं त्यास पसंत केलें यावर ती उभी होती. आणि ज्याची भूमि ओलांडावयाची तो तिसरा या संमतींत नव्हता. म्हणून पहारा करणाऱ्यांची छावणी ही एका अर्थीं बेटासारखी झाली. बाहेर विरोध, आंत क्षुब्ध कैदी. सप्टेंबरमध्यें कैद्यांनीं एका भारतीय अधिकाऱ्यास पकडून ठेवलें, तेव्हां थोरात स्वतः त्या जमावांत शिरले आणि त्यास सोडवून आणलें. बाहेरची वाट परक्यांच्या हातीं असतां आंत एक गोळी झाडली गेली तर काय होईल, हें त्या सेनानीस पुरतें ठाऊक असलें पाहिजे.

जानेवारी १९५४ च्या उत्तरार्धांत कैद्यांचें प्रकरण आटोपलें आणि फेब्रुवारींत फौज इंचॉनहून जहाजांनीं स्वदेशीं निघाली. तिजबरोबर ८८ कैदीहि भारतांत आले. त्यांनीं दोन्हीं पक्षांकडे जाण्याचें नाकारलें होतें. शिपायांची वाट अडली ती कांहीं काळ. या माणसांनीं घराकडची वाट आपल्याच हातांनीं सोडली.

माझ्या विद्यार्थ्यास मीं हेंच सांगितलें. दूरचा समुद्र विमानानें ओलांडतां येतो, परंतु छावणीच्या दारापासून विमानतळापर्यंतचे चार कोस पाऊस, पूल आणि त्या भूमीच्या धन्याची मर्जी यांच्या स्वाधीन असतात. आणि तेवढ्यापुरता शिपाई पराधीनच. तो कांहीं वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे माझी चूक नव्हती." तो इतके दिवस हें ओझें वाहत होता, हें मला तेव्हां कळलें.

असो. थोरातांनीं आपलें आत्मचरित्र इंग्रजींत लिहून ठेवलें. परंतु हिंदनगरांत राहिलेल्या साध्या शिपायांचीं पत्रें ज्या घरांत अद्यापि पेटींत असतील, त्यांनीं तीं वाळवीस न देतां मंडळाकडे नकलेपुरतीं तरी धाडावीं. वाटेची हकीकत सेनापतीपेक्षां चालणाराच खरी सांगतो.