पंडिता रमाबाई: समाजालाही नाही, चर्चलाही नाही

१८९३ च्या ऑगस्टमध्ये पुण्यातल्या एका शाळेच्या सल्लागार मंडळानं राजीनामे दिले. मंडळात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखी मोठी माणसं होती. वादाच्या मुळाशी होतं एका खोलीचं उघडं दार.

शाळेचं नाव शारदा सदन. बालविधवांना शिकता यावं म्हणून पंडिता रमाबाईंनी ती काढली होती. रमाबाई ख्रिस्ती होत्या. त्या आपल्या खोलीत मुलगी मनोरमा हिच्यासोबत प्रार्थना करत, बायबल वाचत. त्या वेळी दार उघडं असे आणि शाळेतल्या काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. मुलींना येऊ देऊ नका, प्रार्थना दार लावून करा, असा आग्रह सुरू झाला. रमाबाईंनी तो मानला नाही.

समाजाच्या दबावापुढे न झुकलेली ख्रिस्ती स्त्री, अशी त्यांची ओळख नेहमी सांगितली जाते. पण त्याआधी काही वर्षं त्यांनी तितक्याच ठामपणे चर्चलाही नकार दिला होता. हा भाग फार कमी लोकांना माहीत असतो.

रमाबाई ख्रिस्ती कशा झाल्या?

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी विरोध पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं आणि तीच विद्या लेकीकडे आली. पुराणं सांगत तीर्थक्षेत्रं हिंडणाऱ्या या कुटुंबावर १८७० च्या दशकात दुष्काळाचा घाला पडला. आई, वडील आणि थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी भटकत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पुढे भाऊ वारला. बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांचा नोंदणी पद्धतीनं आंतरजातीय विवाह झाला आणि १८८२ मध्ये पतीही कॉलऱ्यानं गेले. वय चोवीसच्या आत, हातात तान्ही मुलगी.

त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज सुरू केला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली. १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या इराद्यानं इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथं त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात खळबळ उडाली. त्यांच्या बाजूनं बोलणारे थोडेच होते. त्यांत जोतीराव फुले होते. १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांनी रमाबाईंच्या निर्णयाची बाजू घेतली.

चर्चशी वाद कशावरून?

वाँटेजमध्ये रमाबाई अँग्लिकन पंथाच्या सिस्टर लोकांच्या मठात राहत होत्या. नंतर डोरोथिया बील यांच्या चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्या शिकल्या आणि संस्कृत शिकवूही लागल्या. या काळात सिस्टर जेराल्डिन आणि मिस बील यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार छापून उपलब्ध आहे. धर्मांतराच्या इतिहासातली फार कमी कागदपत्रं इतकी मोकळी असतील.

पहिला मुद्दा सिद्धान्ताचा. बाप्तिस्मा घेतला म्हणजे चर्च सांगेल ते सगळं मान्य, असं सिस्टर जेराल्डिन यांना वाटत होतं. रमाबाईंना तसं वाटत नव्हतं. त्रैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचं देवत्व यांवर त्या प्रश्न विचारत होत्या. बायबलात आहे ते मी मानीन, पण धर्मगुरूंनी नंतर मांडलेला मतांगीकार पटल्याशिवाय म्हणणार नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. भारतातल्या पुरोहितांच्या जोखडातून आत्ताच कुठं सुटले आहे, दुसरं जोखड लगेच मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी १८८५ मध्ये लिहिलं.

दुसरा मुद्दा कामाचा. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं असा विचार निघाला तेव्हा बिशप मंडळींनी हरकत घेतली. भारतात त्यांची प्रतिमा खराब होईल, हे कारण दिलं गेलं. भारतात पुरुषांच्या भरल्या सभेत व्याख्यानं दिलेल्या बाईला हे सांगितलं जात होतं! वडीलधाऱ्यांचा सल्ला ऐकेन, पण माझ्या सदसद्विवेकाचा मालक कोणी माणूस नाही, अशी त्यांची भूमिका राहिली.

तिसरा मुद्दा वरवर किरकोळ, पण सगळ्यात बोलका. रमाबाई इंग्लंडमध्येही शाकाहारी राहिल्या. अंडं घातलेला पदार्थही त्यांना नको असे. सिस्टर जेराल्डिन यांना हा जातीचा जुना अभिमान वाटला. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं कोरलेली असत. लॅटिन संस्कृतपेक्षा जास्त पवित्र कशी, असा रमाबाईंचा सवाल होता आणि क्रूसावर त्यांना संस्कृत शब्द हवे होते. ख्रिस्ती होणं म्हणजे इंग्रज होणं नव्हे, हे त्यांनी पुस्तक लिहून सांगितलं नाही. ताटातून आणि क्रूसावरून सांगितलं. मनोरमेला आपल्याला न पटलेली शिकवण दिली जाऊ नये, यासाठीही त्यांनी मठाशी वाद घातला. मुलीच्या सांभाळासाठी त्याच मठावर अवलंबून असताना हा वाद सोपा नव्हता.

उघड्या दाराचं पुढे काय झालं?

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाला रमाबाई अमेरिकेत गेल्या आणि तिथं दोन-अडीच वर्षं राहिल्या. शाळेला १० वर्षं मदत देण्यासाठी बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. अट अशी होती की शाळेत धर्मशिक्षण द्यायचं नाही आणि मुलींच्या चालीरीतींत हात घालायचा नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई होत्या. त्याच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई कर्वे झाल्या.

या तटस्थतेवर दोन्हीकडून टीका झाली. ख्रिस्ती बाईच्या शाळेत बायबल का नाही, अशी नाराजी ख्रिस्ती मंडळींत होती. लोकमान्य टिळकांच्या 'केसरी'नं मात्र ही मिशनची शाळा आहे असं म्हणत हल्ला चढवला.

इथं टीकाकारांची बाजू उडवून लावण्यासारखी नाही. मुली लहान होत्या, बहुतेक निराधार, आणि पोटासाठी, छपरासाठी रमाबाईंवरच अवलंबून. अशा मुलींनी 'आपणहून' येऊन बसणं किती मोकळं असतं, हा प्रश्न रास्त होता. रमाबाईंचं उत्तर असं की, मी कुणाला बोलावत नाही आणि कुणाला हाकलणारही नाही. हिंदू मुलींना आपली पूजा करायला मोकळीक असेल तर मलाही माझ्या खोलीत ती हवी. समितीनं राजीनामे दिले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. शाळा तरीही चालू राहिली.

१८९८ मध्ये १० वर्षांची मुदत संपली आणि तटस्थतेची अटही. तोवर १८९६-९७ च्या दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींमुळे दौंडजवळच्या केडगावात 'मुक्ती' उभी राहिली होती. ती उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. उतारवयात रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या मराठीत बायबलचा अनुवाद करत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचं निधन झालं.

दबाव म्हणजे नेमकं काय असायचं?

मुक्ताईनगरजवळ कोथळीला मुक्ताबाईंचं मंदिर आहे. संन्याशाची पोरं म्हणून या भावंडांकडे शुद्धिपत्र मागितल्याची कथा खान्देशात लहान मुलालाही ठाऊक असते. पंगत, पाणी, सोयरीक बंद केली की माणूस आपोआप वाकतो, हे हत्यार फार जुनं आहे आणि ते एकाच धर्माच्या लोकांवर चाललेलं नाही.

१९ व्या शतकात ख्रिस्ती होणाऱ्याचा 'घटस्फोट' होई, म्हणजे जिवंत माणसाचे मेल्यासारखे विधी करून घरचे नातं तोडत. वडिलोपार्जित मिळकतीवरचा हक्कही जाई. १८५० च्या २१ व्या कायद्यानं धर्म बदलल्यामुळे वारसा जाणार नाही असं ठरवलं. पंगत आणि सोयरीक मात्र कायद्याच्या हाती नव्हती.

टिळक पती-पत्नींची गोष्ट

कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई नातेवाइकांकडे गेल्या. काही वर्षांनी त्या नवऱ्याकडे परतल्या, पण सोवळं पाळून, वेगळा स्वयंपाक करून. टिळकांनी घाई केली नाही. लक्ष्मीबाईंच्या मनातून जातिभेद गेला तो त्यांच्या गतीनं, आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे'त हे सगळं त्यांनी हसत-हसवत लिहिलं आहे.

टिळकांनाही रमाबाईंसारखाच दुसरा दबाव सोसावा लागला. अभंग, कीर्तन या मराठी वाटेनं ख्रिस्तभक्ती करायची तर मिशनची पाश्चात्त्य चौकट आड येई. १९१७ मध्ये ते अमेरिकन मराठी मिशनमधून बाहेर पडले आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही तिथं जागा होती.

याच टिळकांच्या नगरच्या घरी धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, घरच्या मुलासारखे राहिले. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात 'बालकवी' ही पदवी मिळालेला हा तरुण ख्रिस्ती कुटुंबात वावरला आणि हिंदूच राहिला.

आज कायदा काय म्हणतो?

धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य राज्यघटनेच्या २५ व्या कलमात आहे. वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे. त्यात ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

आजची कोंडी बऱ्याचदा कागदावर असते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंनाच होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान आले नाहीत. त्यामुळे दलित ख्रिस्ती माणसापुढे सवलत सोडायची की श्रद्धा लपवायची, असा प्रश्न येतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुद्दुचेरीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की, प्रत्यक्षात ख्रिस्ती राहून केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा चालणार नाही.

अनुसूचित जमातींचं तसं नाही. खान्देशातला भिल्ल किंवा पावरा माणूस ख्रिस्ती झाला तरी त्याचा जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नसतो. धर्मांतरितांना या यादीतून वगळावं, अशी 'डीलिस्टिंग'ची मागणी गेल्या काही वर्षांत मोर्चे काढून केली जाते. तसं करायचं तर कायदाच बदलावा लागेल.