सँड वेजचा तळ

नवशिका गोल्फर वेज घ्यायला जातो तेव्हा त्याच्या नजरेला आधी आकडे पडतात: ५२, ५६, ६०. हे लॉफ्टचे अंश; तोंड जितके तिरपे, तितका चेंडू उंच. खरेदीही बहुधा याच आकड्यांवरून होते. सँड वेजची कुळकथा मात्र तळाकडे बोट दाखवते. १९२०च्या दशकापर्यंत वाळूतून चेंडू काढायला निब्लिक नावाचा क्लब वापरत. त्याला लॉफ्ट भरपूर होता, पण पुढची कड पातळ असल्याने तो वाळूत रुतायचा. ह्यूस्टनच्या एडविन मॅक्लेनने १९२८ मध्ये खोलगट तोंडाच्या, जाड तळाच्या क्लबचे पेटंट घेतले आणि गोल्फर बॉबी जोन्सने १९३०च्या ब्रिटिश ओपनमध्ये तो वापरलाही. पण खोलगट तोंड एकाच फटक्यात चेंडूला दोनदा लागू शकते, म्हणून १९३१ मध्ये त्यावर बंदी आली. मग गोल्फर जीन सॅराझेनने तोंड सपाट ठेवले आणि निब्लिकच्या तळाला डाख देऊन मागची कड पुढच्या कडेपेक्षा खाली आणली. विमानाची शेपूट दबली की नाक वर उठते, त्यावरून हे सुचले, असे तो सांगत असे. आता तळ वाळूत आधी टेकू लागला आणि क्लब रुतण्याऐवजी सरकू लागला. या क्लबसह त्याने १९३२ची ब्रिटिश ओपन २८३ फटक्यांत जिंकली. तळाच्या या कोनालाच आज बाउन्स म्हणतात.

कोणी म्हणेल, वाळूसाठी घडलेला तळ काळ्या मातीत काय कामाचा? आक्षेप खरा आहे. उन्हाळ्यात ही माती दगडासारखी होते. तिथे १४ अंशांचा बाउन्स उसळतो आणि कड चेंडूच्या मध्यावर बसते. पण पावसाळ्यात हीच माती फुगून मऊ पडते आणि ४-६ अंशांचा बाउन्स तिच्यात रुततो. म्हणून दोन्ही ऋतूंना १० ते १२ अंश हाच समंजस मध्य. दुसरा आक्षेप अंतराचा: सेटमध्येच येणारा हल्लीचा पिचिंग वेज ४४-४६ अंशांचा, मग सँड वेजच्या ५६पर्यंतची फट कशी भरायची? नवशिक्याचे एकाच क्लबचे दोन फटके त्या फटीहून जास्त अंतराने वेगळे पडतात; पिचिंग वेजचा अर्धा स्विंग ती सहज भरून काढतो. ६० अंशांचा लॉब वेज तर अजिबात घेऊ नये. थोडक्या अंतरालाही त्याला मोठा स्विंग लागतो आणि जरा चूक झाली की तो चेंडूखालून निसटतो. सेटमधला पिचिंग वेज आणि १० ते १२ अंश बाउन्सचा, रुंद तळाचा ५४ किंवा ५६चा सँड वेज, एवढे दोन पहिल्या वर्षाला पुरेत.