पिशाच आणि विचार : ईजिप्तमधील ख्रिस्ती तापसांचे अंतर्युद्ध

ख्रिस्ती संतचरित्रांत पिशाचांशी झालेल्या झुंजीचे प्रसंग वारंवार येतात. श्रद्धाळू वाचक त्यांना चमत्कार मानतो. चिकित्सक वाचक उपवास आणि एकांत यांतून उद्‌भवलेला भ्रम म्हणून ते बाजूस सारतो. या दोन्ही भूमिकांत एक प्रश्न अनुत्तरित राहतो. ‘पिशाच’ या शब्दाने त्या तापसांना स्वतःला काय अभिप्रेत होते? इ. स. च्या चौथ्या शतकातील अथानासियस आणि इव्हाग्रियस या दोन ग्रीक लेखकांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करता येतो.

अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस (मृत्यू ३७३) याने लिहिलेले संत अंतोनीचे चरित्र हा या परंपरेचा मूलग्रंथ होय. अंतोनी ३५६ मध्ये निधन पावला; त्यानंतर थोड्याच काळात, स्वतः परागंदा असताना, अथानासियसने हे चरित्र रचले. सुमारे तीनशे आरुरा सुपीक जमिनीचा वारस असलेला हा तरुण सर्वस्वाचा त्याग करून गावाबाहेरच्या एका थडग्यात जाऊन राहतो. तेथे पिशाचे त्याला इतके झोडपतात की तो निश्चेष्ट पडतो. लोक त्याला मेला असे समजून गावातील देवळात आणतात. पण मध्यरात्री शुद्धीवर येताच तो सोबत्याकडून स्वतःला पुन्हा त्याच थडग्यात नेववितो. मग सिंह, अस्वल, बैल, सर्प, विंचू अशा रूपांनी पिशाचे चालून येतात. अखेरीस छतातून प्रकाश उतरतो, तेव्हा अंतोनी ईश्वराला विचारतो की तू आरंभीच का आला नाहीस? आपण येथेच होतो, तुझी झुंज पाहत होतो, असे उत्तर त्याला मिळते.

उत्तरकालीन चित्रकारांनी हाच प्रसंग उचलला आणि ग्रंथाची कीर्तीही त्यावरच उभी राहिली. वस्तुतः चरित्राचा गाभा अन्यत्र आहे. ओसाड गढीत सुमारे वीस वर्षे एकांतात काढून बाहेर आल्यावर अंतोनी मठवासीयांना जो प्रदीर्घ उपदेश करतो, त्याने चौऱ्याण्णव प्रकरणांपैकी अठ्ठावीस प्रकरणे व्यापली आहेत. त्याचे सूत्र असे की पिशाचांना बळ नाही. आहे ती केवळ बतावणी. ज्या मनःस्थितीत माणूस त्यांना सापडतो, तिला अनुरूप असेच रूप ती घेतात. भित्र्याला ती भीती वाढवून दाखवितात. म्हणून दर्शन घडताच घाबरून न जाता, तू कोण आणि कोठून आलास, असे विचारावे. दर्शनानंतर मनात स्वस्थता उरली तर ते शुभ; गोंधळ, विषाद व आप्तांची ओढ उरली तर ते अशुभ. या पारखेला ग्रीकमध्ये ‘दिआक्रिसिस’ म्हणजे विवेक असे नाव आहे.

याच उपदेशात नाईल नदीच्या पुराचे एक उदाहरण आले आहे. पिशाचे पुराचे भाकीत करतात याचे नवल नाही, असे अंतोनी सांगतो. इथिओपियाकडे पडलेला पाऊस पाहून ती पाण्याच्या आधी धावत येतात, इतकेच. नाईलचा पूर हा ईजिप्तच्या प्राचीन देवतांच्या अधिकारातील विषय होता. त्यामुळे वरवर साध्या दिसणाऱ्या या दृष्टांताने त्या देवतांची भविष्यवाणी निरर्थक ठरविली जाते. येथे शब्दाचा इतिहास उपयोगी पडतो. ‘दाइमोन’ हा प्राचीन ग्रीक शब्द मुळात निंदाव्यंजक नव्हता. देव आणि मानव यांच्या मधल्या शक्तींनाही तो लावीत. परंतु हिब्रू शास्त्राच्या ग्रीक भाषांतरात परराष्ट्रीयांचे देव ‘दाइमोनिया’ ठरले आणि ख्रिस्ती लेखकांनी हाच अर्थ रूढ केला. पारख शिकविणारा हा शब्द बाहेरच्या समाजाकडे वळला की शस्त्र होई. ३९१ च्या सुमारास अलेक्झांड्रियातील सेरापिसचे मंदिर ख्रिस्ती जमावाने पाडले, त्यामागे हीच धारणा होती.

इव्हाग्रियसने (मृत्यू ३९९) मात्र हा शब्द आत वळविला. मोठ्या नगरांतील धर्मपदे सोडून ईजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या या विद्वानाच्या लेखनात पिशाच आणि ‘लोगिस्मोस’, म्हणजे विचार, हे शब्द जवळजवळ समानार्थी होतात. खादाडपणा, कामवासना, द्रव्यलोभ, खिन्नता, क्रोध, ‘आकेदिया’ म्हणजे मनाला आलेला वीट, कीर्तिलालसा आणि गर्व असे आठ विचार तो गणतो. आकेदियाचे पिशाच भर दुपारी येते. सूर्य हलेनासा वाटतो, दिवस पन्नास तासांचा भासतो आणि तापस पुनःपुन्हा खिडकीबाहेर पाहू लागतो. कोणता विचार केव्हा येतो, कशाच्या मागून येतो, केव्हा ओसरतो याची नोंद ठेवावी, असे इव्हाग्रियस सांगतो. त्याचा सर्वांत महत्त्वाचा सिद्धांत असा की विचाराने मनाला स्पर्श करावा की न करावा हे माणसाच्या हाती नाही. त्याला रेंगाळू द्यावे की नाही, एवढेच त्याच्या हाती आहे.

पिशाचकल्पनेचे खरे कार्य येथे स्पष्ट होते. विचाराचा उगम परका मानल्यामुळे तो मनात आला म्हणून तापस दोषी ठरत नसे. तरी त्याला थारा देण्याची जबाबदारी त्याच्यावरच राही. पुढे कासियनने ही आठांची यादी लॅटिनमध्ये नेली आणि सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरीने तिला सात दोषांचे रूप दिले. त्यातूनच मध्ययुगीन पापगणना सिद्ध झाली. कालांतराने पिशाच मागे पडले आणि पूर्वी बाहेरून येणारा शत्रू माणसाचे स्वतःचे पाप बनला. विचार आणि विचार करणारा यांतील अंतर त्यामुळे पुसट झाले.

मराठी-कोंकणी भाषकांना यातील एक शब्दप्रक्रिया अपरिचित नाही. गोव्यातील हिंदू लोकश्रद्धेत ‘देवचार’ हा गावाची सीमा राखणारा राखणदार होय. तोच शब्द ख्रिस्ती कोंकणीत सैतानाचा वाचक आहे. एका समाजाचा रक्षक दुसऱ्याच्या कोशात शत्रू होतो, ही घटना ‘दाइमोन’ शब्दाच्या इतिहासाशी समांतर आहे. म्हणूनच संतचरित्रात पिशाच आढळले की ते खरे होते काय, हे विचारण्यापूर्वी तो शब्द कोणाकडे वळलेला आहे, हे पाहणे इतिहासाच्या अभ्यासकाला अगत्याचे आहे. स्वतःच्या मनाकडे वळला तेव्हा त्यातून आत्मपरीक्षणाचे एक शास्त्र निर्माण झाले. दुसऱ्याच्या देवाकडे वळला तेव्हा मंदिर कोसळले.