बंद दाराआडचा गिटार-ॲम्प

इलेक्ट्रिक गिटारचा ओळखीचा आवाज तारांइतकाच ॲम्प्लिफायरमध्येही घडतो. त्यातल्या व्हॉल्व्हवर, म्हणजे निर्वात नळीवर, ताण आला की ध्वनी फाटतो आणि बारा इंची स्पीकर त्यातला तीक्ष्ण भाग गाळून टाकतो. अडचण अशी की हा ताण येण्यासाठी ॲम्प मोठ्याने वाजवावा लागतो. शंभर वॉटच्या ॲम्पसमोर मीटरभर अंतरावर ध्वनिपातळी सहज 110 डेसिबलच्या वर जाते.

मुंबईत इलेक्ट्रिक गिटार आधी रेकॉर्डिंग स्टुडिओत रुळले. 1971च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’मधील ‘दम मारो दम’चे गिटार भूपिंदर सिंग यांनी वाजवले. 1986पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सवामुळे धोबी तलावाजवळचे रंगभवन गिटारवाद्यांचे माहेरघर बनले. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे तिथल्या मैफली थांबल्या. 2000च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली.

खांदेश्वरसारख्या वसाहतीत तर अशा मैफलींच्या जागेचा प्रश्नच नव्हता. 1970मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवीन पनवेल वसवले. हार्बर मार्गावर मानसरोवर आणि पनवेल यांच्या मधले खांदेश्वर स्थानक याच भागाचे. इथले फ्लॅट भिंतीला भिंत लागून आहेत. बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत कोणत्याही व्हॉल्व्ह ॲम्पपुढे शेजाऱ्यांची सहनशक्ती टिकणार नाही. अशा घरात गिटारवादकाच्या हाती हेडफोनच उरतो.

हेडफोनची वाट मात्र अमेरिकेत आधीच तयार होत होती. ‘बोस्टन’ या बँडच्या टॉम शोल्झ यांनी 1982च्या सुमारास रॉकमन हे हेडफोनसाठीचे, खिशात मावणारे यंत्र आणले. 1989मध्ये सॅन्सॲम्प या उपकरणाने ॲम्पचे गुण लहान पेडलमध्ये बसवले. 1998मध्ये लाइन 6 कंपनीने पॉड हे यंत्र आणि ॲम्प फार्म हे प्लगइन, म्हणजे संगणकावरच्या ध्वनिमुद्रण-सॉफ्टवेअरला जोडायचा लहान प्रोग्रॅम, बाजारात आणले. त्यानंतर 2002मध्ये ॲम्प्लिट्यूब आणि 2004मध्ये गिटार रिग ही सॉफ्टवेअर आली, आणि घरच्या संगणकावर निरनिराळे ॲम्प मिळू लागले.

पण सुरुवातीच्या प्लगइनमधून गिटार डब्यात कोंडलेल्या भुंग्यासारखे ऐकू येई. दोष बहुधा ॲम्पच्या प्रतिकृतीला दिला जाई; खरी गोम स्पीकरमध्ये होती. गिटारचा स्पीकर साधारण पाच-सहा हजार हर्ट्झच्या वरचे स्वर झपाट्याने कमी करतो, आणि त्याच्यासमोरचा मायक्रोफोन इंचभर सरकला तरी ध्वनीचा स्वभाव बदलतो. ही गाळणी नसेल तर फाटलेला ध्वनी कानाला टोचतो. यावरचा उपाय म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स: स्पीकर, मायक्रोफोन आणि खोली मिळून ध्वनीवर काय करतात याची क्षणभराची नोंद. ही छोटी फाइल प्लगइनमध्ये घातली की गिटार कॅबिनेटमधून, म्हणजे स्पीकरच्या पेटीतून, आल्यासारखे वाटते. महागडे ॲम्प-प्लगइन घेऊन कॅबिनेटकडे दुर्लक्ष करणे ही नवशिक्यांची सर्वांत खर्चिक चूक म्हणावी लागेल.

दुसरी अडचण आत येणाऱ्या सिग्नलची. संगणकाच्या साध्या लाइन-इनमध्ये गिटारच्या पिकअपचे (तारांचे कंपन टिपणाऱ्या भागाचे) वरचे स्वर मरतात, म्हणून उच्च इम्पीडन्स इनपुट असलेला ऑडिओ इंटरफेस लागतो. गेन लाल दिव्यापर्यंत चढवला तर प्लगइनला चुकीची पातळी मिळते. बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो ध्वनीचा तुकडा) 128 सँपल आणि सँपलिंगचा वेग 48 किलोहर्ट्झ ठेवला, तर एका बफरचा विलंब सुमारे 2.7 मिलिसेकंद असतो. प्रत्यक्षात येण्या-जाण्याचा मिळून विलंब त्याहून जास्त भरतो, तरी तो वाजवणाऱ्याला सहसा जाणवत नाही.

2011मध्ये केम्पर कंपनीने खऱ्या ॲम्पचे प्रोफाइल घेण्याची पद्धत रुळवली. पुढे न्यूरल ॲम्प मॉडेलर या मुक्त-स्रोत प्रकल्पाने तेच काम मशीन लर्निंगवर आणले. ॲम्पमध्ये शिरणारा आणि बाहेर पडणारा ध्वनी यांची तुलना करून संगणक नक्कल शिकतो. ती फुकट असल्यामुळे नवीन पनवेलच्या विद्यार्थ्यालाही जगभरच्या ॲम्पच्या नकला वापरता येतात.

रेकॉर्डिंगमध्ये आज नक्कल आणि अस्सल यांतला फरक ओळखणे अवघड झाले आहे. फरक उरतो तो खोलीत: छातीवर आदळणारी हवा आणि स्पीकरच्या आवाजाने गिटारच्या तारेचे पुन्हा थरथरणे हेडफोनमध्ये मिळत नाही.